गळ्यातली भामा

१० नोव्हेंबर, सोमवार

आज आम्ही नदीकाठच्या घरात आलो. बोलणारी मी बनुबाई, लिहिणारी माझी नातसून स्वप्नाली. मला अक्षर येत नाही. मेंढरं मोजता येतात, तेवढ्यावर सत्तरी गाठली. स्वप्नालीची बदली पाटणच्या वर, धरणाखालच्या या गावात शाळेवर झाली. तिचा नवरा म्हणजे माझा नातू जयराज पलटणीत, लांब. एकटीनं कसं राहायचं म्हणून तिनं आम्हा दोघा म्हाताऱ्यांना माणातून उचलून आणलं. तिला रोज संध्याकाळी वहीत दिवस लिहायची सवय. मी म्हटलं, बाई, तुझ्या दिवसात काय असतंय, फळा आणि खडू. माझा लिही. हसली आणि नवी वही काढली. मी बोलते ते ती जरा धुऊन-पुसून लिहिते. वाचणाऱ्याला कळायला हवं, म्हणते. वाचणार कोण, हे काही सांगत नाही.

घर झकास आहे. दोन खोल्या, पुढं ओटा, ओट्यावरून सरळ नदी. आमच्या माणात पाणी टँकरनं येतं, माणसं त्याच्यामागं धावतात. इथं फुकट वाहतंय आणि कुणी ढुंकून बघत नाही. आल्या आल्या चार वेळा हात धुतले, नुसती हौस.

आमचा म्हातारा, जोतीराम, पेन्शनीतला हवालदार, पंचाहत्तर पार. टेम्पोतनं उतरला तो सामान टाकून थेट काठावर. काठी बुडवून पाणी किती ते बघत उभा. तोंडावर असं हसू, की जणू मुलगी बघायला आलाय. मी ओरडले, आवं, आधी माझं गाठोडं उतरवा, मग तिच्याकडं बघा!

१३ नोव्हेंबर, गुरुवार

म्हाताऱ्याचा खेळ सांगते. काश्मिरात असताना एका साहेबानं त्याला बर्फाच्या पाण्यात उभं राहून मासे धरायला शिकवलं होतं. ट्राऊट म्हणे, ठिपक्यांचा मासा. गांडूळ नाही, कणीक नाही. गळाला पिसं आणि लोकर गुंडाळून खोटी माशी करायची आणि पाण्यावर अशी अलगद टाकायची की माशाला खरी वाटावी. पलटण सोडताना साहेबानं आपली काठी याला दिली. आमच्या माळावर ती कशाला लागणार? तीस वर्षं मी तिच्यावर लसूण वाळवला.

आता लसूण उतरला आणि काठी नदीवर गेली. ट्राऊट इथं नाही. मोठ्या खवल्यांचा खडस आहे, तो पण माशीला फसतो. म्हातारा गुडघाभर पाण्यात उभा राहतो आणि गोफण फिरवावी तसा दोरा डोक्यावरून मागं-पुढं फिरवतो. पाण्यात पाय उचलायचा नाही, सरकवायचा, असं मला ओट्यावर चालून दाखवलं. मासा लागला की ओंजळीत धरतो, दोन शब्द बोलतो आणि सोडून देतो. मी म्हटलं, माझ्याशी दोन शब्द बोलायला मी काय गळ गिळू?

पुलाजवळ नानासोचं चहाचं दुकान आहे. त्यानं बजावून सांगितलं, की विजेसाठी धरणातनं पाणी सोडायच्या आधी भोंगा होतो. भोंगा झाला की निघायचं, काय पाण्यात राहिलं ते राहू द्यायचं. सकाळी घोट्याएवढं असलेलं पाणी दिवस कलता पुरुषभर होतं.

आणि एक. स्वप्नाली विचारत होती म्हणून सांगते. माझ्या गळ्यात काळ्या दोऱ्यात चांदीचा टाक आहे, नखाएवढा, बाईचं रूप कोरलेला. ती भामा. म्हाताऱ्याची पहिली. अठराव्या वर्षी गेली. दोन वर्षांनी मी आले. दुसरीनं पहिलीला गळ्यात वागवायचं ही आमच्यातली रीत, नाहीतर ती नांदू देत नाही. जेवताना पहिला घास टाकाला लावायचा. नवं लुगडं आधी टाकाला लावायचं, मग आपण नेसायचं. म्हणजे एकावन्न वर्षं मी तिचं उष्टं खाते आणि तिचं उतरलेलं नेसते. सासूच्या तावडीतनं सुद्धा बाई कधी ना कधी सुटते, सवतीच्या नाही. वर मी म्हातारी झाले आणि ती मेली अजून अठराची.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

म्हातारा माश्या बांधतो त्याची लोकर मी देते. जन्म लोकरीत गेला माझा. डोळे मिटून सांगेन, हे कोकराचं, हे मानेखालचं, हे आजारी मेंढीचं. आज त्याच्या टोपीला टोचलेल्या माश्या चाचपत होते. सहा माझ्या. सातवी माझी नव्हती.

बोकडाचा केस नाही, घोड्याचा नाही. बाईचा. तरण्या बाईचा, काळाभोर, तेल लावलेला. टोपी दिवसभर उन्हात खुंटीला होती, तरी ती एक माशी ओली.

विचारलं. म्हणाला, नदीत गळाला अडकून आला, चांगला वाटला म्हणून बांधला. आता मासा फक्त त्यालाच येतो. पुढचं विचारलं तर काठी पुसायला लागला. स्वप्नाली म्हणते वरच्या अंगाला बायका न्हात असतील. असतील. पण पंचाहत्तर वर्षांच्या माणसानं दुसऱ्या बाईचा केस टोपीत मिरवावा? माझे केस काळे होते तेव्हा त्यानं त्यांच्याकडं बघितलंसुद्धा नाही.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

चहाला गेले होते. नानासो कौतुकानं म्हणाला, आजी, तुमी तर लय धीट. आमच्या बायका पाण्यात उतरत न्हाईत, तुमी मालकांच्या शेजारी मांडीभर पाण्यात तासभर उभ्या, डोईवर पदर घिऊन.

मी नदीत अजून पाऊल घातलेलं नाही.

चहा निम्मा ठेवला. नानासोला सांगितलं नाही. कसं सांगणार, की ती मी नाही? हसत विचारलं, इथं नदी ओलांडायचा उतार कुठला पहिल्यापासूनचा? त्यानं हात केला, म्हाताऱ्याच्या जागेकडंच. म्हणाला, पूल नव्हता तवा माणदेशातली मेंढरं कोकणात जायची ती हितनंच.

मला लग्नात एवढंच सांगितलं होतं, की भामा कोकणात जाताना नदीत गेली, हाती लागली नाही. कुठली नदी ते एकावन्न वर्षांत मी विचारलं नाही. विचारलं असतं तर ती घरात आणखी मोठी झाली असती.

म्हणजे टेम्पोतनं उतरून म्हातारा नदी बघायला धावला नव्हता.

२६ नोव्हेंबर, बुधवार

आज चंपाषष्ठी. वांग्याचं भरीत, रोडगे. आजच्या दिवशी देवाचे टाक धुऊन पुजायचे, त्यांच्यात गळ्यातला पण उतरवायचा, धुवायचा, नैवेद्य दाखवून परत घालायचा. वर्षातनं एवढाच वेळ माझा गळा मोकळा. खंडोबाची बानू पण दुसरीच. पण तिच्या गळ्यात कुणी म्हाळसा बांधली नाही.

म्हाताऱ्याला नैवेद्याला बोलवायला काठावर गेले. टाक हातात ओला होता. तो पाण्यात पाठमोरा उभा होता आणि बोलत होता. हळू, गोड. तसं बोलता येतं त्याला, हे मला आज कळलं.

मग मी काय केलं ते स्वप्नालीला सांगितल्यावर तिचं लिहिणं थांबलं. आजी, तुम्ही असं करायला नको होतं, म्हणाली. मी म्हटलं, लिही. मी टाक दोऱ्यासकट नदीत भिरकावला. म्हटलं, घे, भामे, तुझं तू ने. लय वागवली तुला. माझं मला ठेव.

पाण्यात पडल्याचा आवाज आला नाही. कुणीतरी वरच्या वर झेलावा तसा.

म्हाताऱ्यानं मागं वळून पाहिलं नाही. नैवेद्याला आला नाही.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

पहिला घास उचलला की हात आपोआप गळ्याकडं जातो. तिथं काही नाही. म्हटलं, आता पहिला घास माझा. तोंडात घातला. ओली रेती.

दुसरा घास नीट. तिसरा नीट. काल तसंच, आज सकाळी तसंच. स्वप्नालीनं माझ्याच ताटातला एक खाल्ला, तिला भाकरीच लागली.

जयराजनं दिवाळीला धाडलेलं हिरवं लुगडं ट्रंकेत होतं, घडी मोडलेली नव्हती. आज काढलं तर पिळून ठेवल्यागत ओलं. नेसून झाल्यावर पडतात तशा चुण्या.

म्हाताऱ्याशी बोलत नाही मी. त्याच्या ध्यानातही आलेलं नाही.

३० नोव्हेंबर, रविवार

स्वप्नाली साताऱ्याला निघाली. चार दिवसांचं प्रशिक्षण आहे, चुकवता येत नाही. मला सोडून जाताना तिचा पाय निघेना. तिचा जुना फोन दोरीनं माझ्या गळ्यात अडकवला. हे एक बटण दाबलं की बोलायचं, तो आपोआप लिहितो, आणि लिहिलेलं तिकडं तिला दिसतं. तुझ्यासारखा धुऊन-पुसून लिहील का? नाही म्हणाली, बोलाल तसंच.

गळा काही मोकळा राहायचा नाही माझा.

१ डिसेंबर

सपने, लिवतंय का हे? बरं.

म्हाताऱ्यानं नवी माशी बांधलीया. केसाला वरनं काळा दोरा गुंडाळलाय. बोटानं वळखला मी. एकावन्न वरसं माझ्या घामानं मऊ झालेला दोरा हाय त्यो. माझ्या टाकाचा.

कुठनं आणला इचारलं. म्हनला, तिनं दिला.

तिनं म्हंजी कुणी, हे इचारलंच न्हाई मी. आन् त्यो बी अशा तोंडानं बोलला, जसं मला सांगायला काय हरकत हाय.

दुपारी जेवायला दोन ताटं मागितली. एक त्याचं. दुसरं भिताडाकडं सारलं. मी उभीच.

सांजंला वट्यावरनं हाक मारली. भामा म्हनून.

सपने, हसू नगं मला. मी ओ दिली.

२ डिसेंबर

सांगितलं त्यानं. मी न इचारता.

तवा रजंवर आला हुता. मेंढरं उतरवत हुती दोघं. भोंगा झाला. एका हातात कोकरू, एका हातात तिचा हात. पानी छातीला लागलं. एक हात मोकळा करायला लागत हुता.

कोकरू वाचलं.

एकावन्न वरसं मला वाटलं त्यो मुकाट हाय. न्हवं. त्यो तिच्यासंगं बोलत हुता. माझ्या गळ्याकडं बघून. मला वाटायचं माझ्याकडं बघतोय—

मी इचारलं, तिच्या जागी मी असते तर कुनाला सोडलं असतंत? कोकराला का मला?

काठी पुसत बसला.

आज पैला घास घेतलाच न्हाई. तरी तोंडात रेती.

३ डिसेंबर

सकाळपासनं पान्यात हाय. जेवायला आला न्हाई. ट्रंक उघडी. हिरवं लुगडं न्हाई त्यात.

ऊन कललं. भोंगा—

सपने, भोंगा झाला. त्यो हलंना. नानासो पुलावरनं वरडतोय, आजोबा, निघा, आवं निघा—

आवं! भाईर या!

उतरले मी. गार हाय. पाय उचलायचा न्हाई, सरकवायचा. त्यानंच दावलं हुतं. नानासो आता मला वरडतोय. आजी म्हनतोय. दोघी म्हनतोय. तुमी दोघी मागं फिरा—

दोघी कुठल्या. म्होरं त्यो एकटाच हाय. सपने, एकटाच हाय गं! कुनी न्हाई त्याच्याजवळ. मला उगाच—

गुडघा. मांडी.

वळला. माझ्याकडं वळला. हसतोय. असा कवा हसला न्हाई मला. काठी सोडली त्यानं, व्हावून गेली. दोनी हात मोकळं. हात फुडं केलाय. आले, आले मी, धरा—

हात आला.

माझ्या हातावरनं फुडं गेला. खांद्यावरनं. माझ्या मागं.

मागं कोन हाय ते मी बघनार न्हाई. मानंला गार लागतंय, दोरा बांधल्यागत. पानी छातीला— आवं, हिकडं बघा. मी हितं हाय. कोकरू बी न्हाई ह्या वक्ताला, दोनी हात मोकळं हायती तुमचं. एक मला द्या. आवं, मी बनू. एकदा बनू म्हना, नुसतं एकदा, मग सोडा—