थोरलं जहाज, धाकटं जहाज

भोर
दि. १२ सप्टेंबर २०२५

ती. आनंददादांस,
स. जयभीम. वि. वि.

काल फोनवर मी तुम्हांला जहाजाचं विचारत होते आणि तुम्ही मला खाचरातल्या पाण्याचं सांगत होता. कानाचं यंत्र तुम्ही कपाटात ठेवता आणि नुसता फोन कानाला लावता, त्यामुळे हे पत्र लिहिणं भाग पडलं. शेवटपर्यंत वाचा.

तुमच्या आणि वहिनींच्या लग्नाला येत्या डिसेंबरात पन्नास वर्षं होतात. त्यासाठी सम्राट आपल्या घरच्या अकराही जणांना चार रात्री समुद्रावर नेतो म्हणतो. मुंबईहून निघायचं, लक्षद्वीपपर्यंत जायचं, परत यायचं. तुमच्या मुलाला सुचलं ते चांगलंच सुचलं. पण जहाजं दोन आहेत, दोन्ही नवीकोरी, आणि तीन आठवडे झाले तरी त्यांतलं एक आपल्याला ठरवता येत नाही.

थोरलं एकोणीस मजली आहे. त्यावर पाण्याच्या घसरगुंड्या आहेत, सिनेमा आहे, आणि आता शिल्लक खोल्या सगळ्या चार-चार खाटांच्या आहेत. धाकटं चौदा मजली. त्यावर घसरगुंडी नाही, वाचनालय आहे, खोल्या लहानमोठ्या सर्व प्रकारच्या. सम्राटने मोबाईलच्या ग्रुपवर मतं मागवली, तर अकरा माणसांची चौदा मतं पडली. जादा तीन मतं कुणाची ते मला ठाऊक आहे. दुपारी नातवंडांचे फोन तुमच्या खाटेवर असतात. ते मतदान मी बाद धरते.

सम्राटची लेक शिवानी सांगत होती की तुम्ही बैलबाजारातले तुमचे सोबती रामभाऊ आणि रखमाजी यांना घेऊन जहाज बघायला मुंबईला जाणार आहात. ही बैल घ्यायची गोष्ट नव्हे. घरी बसा आणि महिनाअखेरपर्यंत मत कळवा, एकच.

वहिनींना जयभीम. माया आहे तशी राहू द्या, उत्तर मात्र वेळेवर द्या.

आपली धाकटी बहीण,
सुलक्षणा

&nbsp;

विंझर, ता. वेल्हे
दि. २१ सप्टेंबर

चि. सुलक्षणास आनंदरावाचा जयभीम आन् आशीर्वाद. वि. वि.

तुजं पत्र पावलं, पर आमी मुंबईस्नं माघारी आल्यावर. तवा तुजं म्हननं मोडलं असं हुत न्हाई. आपल्यात बघितल्याबिगर कोंबडी बी घेत न्हाईत, आन् ह्ये तर अकरा मानसं पोटात घेनार.

भाऊच्या धक्क्यावरनं लाँचमदी बसलो. लांब समुद्रात थोरलं जहाज हुबं व्हतं. लई मोटं. रखमाजीनं डोळं बारीक करून पुढनं-मागनं बघितलं. त्याचं म्हननं, अंग भरीव हाय, पाठ सरळ हाय, खोड दिसत न्हाई. रामभाऊनं खोल्या मोजल्या. एकावर एक सात, लाल, निळ्या, हिरव्या, समद्या लोखंडी आन् पक्क्या. खिडकी येकीला बी न्हाई, पर रामभाऊ म्हनला, समुद्रात बघायचंय काय, पानीच की. वर मानूस एक दिसलं न्हाई, म्हंजी गर्दी नसनार. घसरगुंडी तेवडी दिसली न्हाई, ती पल्याडच्या अंगाला असंल.

आमा तिघांचं एकमत हाय, थोरलंच घ्यायचं. सम्राटला तसं सांगतो. तुज्या वहिनीला काय ईचारायचं, जितं आमी तितं ती.

तब्येतीला जप. रागावलीस तरी पत्र धाडत जा.

तुजा दादा,
आनंदराव

&nbsp;

भोर
दि. २६ सप्टेंबर

ती. आनंददादांस,
स. जयभीम. वि. वि.

तुम्ही तिघांनी एकमताने पसंत केलं ते मालवाहू जहाज होतं. त्या रंगीत खोल्या म्हणजे माल भरायच्या लोखंडी पेट्या. त्यांतून टायर जातात, कापूस जातो, यंत्रं जातात. माणसं जात नाहीत, आणि गेली तर पोलीस उतरवून घेतात.

आपली दोन्ही जहाजं त्या दिवशी मुंबईत नव्हतीच. हे सम्राटला एका फोनवर विचारता आलं असतं. मी तेहतीस वर्षं भूगोल शिकवला, फळ्यावर मुंबई बंदर किती वेळा काढलं त्याची गणती नाही. मलाही विचारता आलं असतं. रामभाऊंची मोजणी बरोबर आहे, एवढं त्यांना जरूर सांगा. रखमाजींना मात्र यापुढे चार पायांवर चालणारंच दाखवावं.

थोरल्याला दिलेलं तुमचं मत अर्थातच रद्द. पुन्हा विचार करा. लोभ ठेवा, आणि पुढच्या खेपेला कुठे जाण्याआधी कळवा.

आपली,
सुलक्षणा

&nbsp;

विंझर
दि. ३ ऑक्टोबर

वन्संस्नी गीताचा जयभीम.

म्या सवता लिवतीय. चवथीपस्तोर शाळा, अक्षर वंगाळ हाय, तेवडं संबाळून घ्या. ह्ये पत्र तांदळाच्या पिशवीत घालून शिवानीच्या हाती धाडतीय. तुमच्या दादास्नी दावू नगा.

बोटीच्या खोल्यांवरनं तिगांचं हसू झालं ते बरं झालं. हप्ताभर घरात जरा शांतता हाय. पर आता ह्ये म्हनत्यात, बघितलं चुकीचं तरी मत थोरल्यालाच.

वन्सं, शिवानीनं मला मोबाईलवर दोनी जहाजं दावली. समदी घसरगुंडी बघत व्हती. म्या खोल्या बघितल्या. धाकट्यात एकल्या मानसाची खोली हाय. एक खाट, एक उशी, एक दिवा, आन् दाराला आतनं कडी. शिवानी म्हनली, आजी, ती एकटं फिरनाऱ्यांची.

माजी सत्तरी आली. बाच्या घरी आमी सा बहिनी एका वाकळंत. हितं आले तर घरात चौदा मानसं. मग सासूबाईंचं दुकनं, मग लेकरं, मग नातवंडं. म्या आजपातूर एक रात बी एकली झोपले न्हाई. दवाखान्यात व्हते तवा बी शेजारी खाट व्हतीच. कुनावर राग न्हाई. तुमचं दादा चांगलं मानूस हाय. पर घोरत्यात, आन् झोपंत बी हाका मारत्यात, पानी दे, चष्मा कुटं हाय.

मला चार राती ती खोली पायजे. कडी लावून काय करशील म्हनाल तर काय न्हाई. बसंन.

म्या ह्ये बोलले तर समदी हसत्याल. थोरलं ठरलं तर माजं पोट दुकतंय म्हनीन आन् घरीच ऱ्हाईन. तुमी शिकलेल्या हायसा, जमलं तर बघा. न्हाई जमलं तरी तुमची माया हाय तेवडी पुरं.

तुमची वैनी,
गीता

&nbsp;

भोर
दि. ९ ऑक्टोबर

ती. आनंददादांस,
स. जयभीम. वि. वि.

वहिनींना सांगा, तांदूळ मिळाला. पिशवी तळापर्यंत नीट बघितली.

आता जहाजाविषयी. तुमच्या २१ तारखेच्या पत्राच्या शेवटी तुम्ही लिहिलंय की वहिनींना काय विचारायचं. लग्न दोघांचं झालं अशी माझी समजूत आहे. मी करवली म्हणून मागे उभी होते, मला दोन माणसं दिसली होती. पन्नास वर्षं तुमची एकट्याची भरलेली नाहीत. अकरा जणांची चौदा मतं पडली, आणि त्यांत वहिनींचं एकही नाही, हे मी सम्राटकडून तपासून घेतलं.

तेव्हा असं करा. वहिनींना समोर बसवा. कानाला यंत्र लावा. कोणतं जहाज आणि का, एवढं विचारा. त्या पहिल्यांदा म्हणतील की तुम्ही म्हणाल ते. ते उत्तर धरू नका. गप्प बसा आणि दुसऱ्या उत्तराची वाट बघा. जे सांगतील ते जसंच्या तसं लिहून पाठवा.

आपल्या उत्तरावर डोळे लावून बसलेली,
सुलक्षणा

&nbsp;

विंझर, ता. वेल्हे
दि. १६ ऑक्टोबर

चि. सुलक्षणास जयभीम आन् आशीर्वाद. वि. वि.

ईचारलं. यंत्र लावून. तू म्हनलीस तसंच ती आदी म्हनली, तुमी म्हनाल ते. मग म्या गप बसलो. लई येळ बसलो. च्या गार झाला. मग ती म्हनली, धाकटं. का, तर म्हनं मला एकलीला खोली पायजे, आतनं कडी असलेली.

सुलक्षणा, पन्नास वर्सांत म्या तिला काय कमी केलं? हात उगारला न्हाई, दारूला शिवलो न्हाई. रामभाऊला सांगितलं तर तो पोट धरून हसला. मग घरी जाऊन त्यानं बायकूला ईचारलं, तुला बी पायजे का अशी खोली. तवापासनं तो हसंना. रखमाजी तर घरी ईचारायलाच तयार न्हाई.

लोक काय म्हनतील? पन्नास वर्सं झाली म्हनून समुद्रावर नेलं, आन् म्हातारी निराळी झोपली. रातच्या गोळ्या मला कोन दील? चष्मा कुटं असतो ते तिलाच ठावं. मला पान्यावर कायबाय झालं म्हंजी? त्यापरीस थोरलंच बरं. चार खाटा, म्या, ती, आन् दोन नातवंडं.

तुजं म्हननं कळव. मन लागत न्हाई.

तुजा दादा,
आनंदराव

&nbsp;

भोर
दि. २० ऑक्टोबर

ती. आनंददादांस,
स. जयभीम. वि. वि.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. तुम्ही वहिनींना काही कमी केलं नाही, याबद्दल वाद नाही. पण पत्रात तुमच्या गोळ्या आहेत, तुमचा चष्मा आहे, तुमचे लोक आहेत, तुमची तब्येत आहे. वहिनींची एक कडी आहे.

एक गोष्ट कुणाला सांगितली नव्हती, ती सांगते. आमचे हे वारले तेव्हा मला विंझरला न्यायला तुम्ही टेम्पो घेऊन आला होता आणि मी आले नाही. त्याला एकवीस वर्षं झाली. मी नोकरीसाठी एकटी राहिले असं तुम्ही धरून चाललात, माझी कीव करत आलात, आणि मीही ती करू दिली. पहिला महिना मी फार रडले. दुसऱ्या महिन्यात एक दिवस शाळेतून आले, दार लावलं, चहा केला आणि तो गरम असताना संपवला. मध्ये कुणी हाक मारली नाही. तुम्हांला सांगते, दादा, मी त्या दिवशी कप हातात घेऊन बराच वेळ बसून होते. नोकरी संपून आठ वर्षं झाली, तरी मी इथेच आहे ती त्यासाठी. माझी माणसं मला नकोत असा त्याचा अर्थ तुम्ही आजवर काढला नाहीत, कारण मी दर मे महिन्यात येते. वहिनी तर पाचव्या दिवशीच येणार आहेत.

म्हणून आता कामाचं बोलते. गोळ्यांची डबी सोबत पाठवते आहे. तिच्यावर वार लिहिलेत. उद्यापासून स्वतः घ्यायला लागा, दोन महिने हातात आहेत. चष्म्याला दोरी बांधा. तुमच्या खोलीत सम्राट झोपेल, त्याला मी कळवलंय. तोही घोरतो, तुमचं जमेल. लोकांचं माझ्यावर सोपवा, लोक मला घाबरतात.

आणि तुमचा होकार मला नको, तो वहिनींना द्या. मला नुसतं कळवा.

आपली,
सुलक्षणा

&nbsp;

विंझर, ता. वेल्हे
दि. १४ नोव्हेंबर

चि. सुलक्षणास जयभीम आन् आशीर्वाद. वि. वि.

भात कापायचं चाललं व्हतं, म्हनून उशीर. धाकटं ठरलं. घसरगुंडीसाटी नातवंडं दोन दिस रडली, मग त्यास्नी कळलं तितं आईस्क्रीम हवं तेवडं घ्या म्हनत्यात. मग इसरली.

गोळ्या माज्या म्या घेतो. बुधवारची एकदा मंगळवारी घेतली, काय झालं न्हाई. चष्म्याला दोरी बांधली. आता दोरीसकट घावत न्हाई.

तिला म्या खाचरातच सांगितलं, तुजी खोली पक्की झाली म्हनून. ती पेंढी बांधत ऱ्हायली. पर तवापासनं काम करताना गुनगुनती. काय गुनगुनती ते कळावं म्हनून म्या यंत्र लावून खाटंवर डोळं मिटून पडतो. तिला वाटतंय झोपलोय. सुलक्षणा, तिला गानं येतं ह्ये मला ठावंच नव्हतं.

एकच म्हननं हाय. त्या दाराला दुसरी किल्ली असंल तर माज्यापाशी असू दे. जोखमीला म्हनून. वापरनार न्हाई.

तू आमच्यासंगं हायस, म्हनून निघायला धीर हाय. अशीच ऱ्हा.

तुजा दादा,
आनंदराव

&nbsp;

मुंबई बंदर
दि. १८ डिसेंबर २०२५, दुपारी सव्वा वाजता

ती. आनंददादांस,
स. जयभीम.

इथल्या गोंगाटात तुम्हांला ऐकू येत नाही, आणि रांगेत उभं राहून ओरडणं मला शोभत नाही. म्हणून ही चिठ्ठी शिवानीच्या हाती तुमच्याकडे देते. समोर उभं आहे ते आपलं जहाज. यात माणसं राहतात, खात्री करून घेतली आहे. चढताना डाव्या हाताला कठडा आहे, तो धरा.

किल्ल्यांबाबत तुम्ही विचारलं होतं. शाळेत मी नकाशा दिला तरी सही घेत असे, तशीच इथेही घेतली आहे. नोंद खालीलप्रमाणे.

खोली क्र. ७१४२, एका व्यक्तीची. दार उघडायची कार्डं, नग दोन. पैकी एक श्री. आनंदराव यांनी मागितलं होतं. दोन्ही सौ. गीताबाई यांच्या हाती दिली. मिळाल्याची सही त्यांनी केली आहे.