कमुरतांतली सही

जामनगर,
सोमवार, ९ मार्च १९९८

पूज्य मोटाभाई,

रसीलाचे जय श्रीकृष्ण. भाभींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. इकडे सगळं ठीक आहे. किन्नरीचं लग्न वैशाखातल्या अखात्रीजेला ठरलंय, हे राजकोटपर्यंत पोचलंच असेल.

काल तुमचे साडू कागद घेऊन आले होते. बापूजींच्या मृत्युपत्राला माझी हरकत नाही, रंगाचा कारखाना आणि वरचं घर सगळं मोटाभाईंचं, मी एप्रिलअखेर रिकामं करीन, असं त्यात लिहिलंय. मला म्हणाले, "बेन, एवढी सही टाका. मग बघा मामा भाचीचा आहेर, मामेरं, कसं आणतात, अख्खी गल्ली बघत राहील." म्हटलं, "आणि नाही टाकली तर?" तर हसून म्हणतात, "मग भाचीचं पानेतर कुठून आणायचं ते तुम्हीच बघा." चहा पिऊन गेले. कागद बिनसहीचा परत पाठवतेय.

जनाची नाही तर मनाची तरी ठेवायची, मोटाभाई. भाचीच्या लग्नाच्या साडीवर बहिणीचं छप्पर मागता?

सव्वीसाव्या वर्षी नवरा गेला आणि सहा महिन्यांची पोर घेऊन मी या घरी परत आले. तेव्हापासून बावीस वर्षं भट्टीपुढे उभी आहे. तुमचं रंगाच्या वासाने डोकं दुखायचं, म्हणून तुम्ही राजकोटला दुकान टाकलंत, तेही बापूजींच्याच पैशाने. ते तुमचं, त्यावर मी कधी शब्द काढला नाही. आता इथलंही तुमचं. आणि माझ्या नावाने मृत्युपत्रात एकच ओळ: 'मुलीला लग्नात दिले आहे.' काय दिलं होतं हो? दोन बांगड्या आणि तांब्याचा हंडा. बांगड्या नवऱ्याच्या औषधात गेल्या. हंड्यात अजून आपल्या बांधणीचा लाल रंग उकळतो. माझे हात मनगटापर्यंत लाल आहेत, भांडी घासूनही रंग जात नाही.

त्या मृत्युपत्रावर तारीख आहे २८ डिसेंबर १९९६. म्हणजे ऐन कमुरतां. संक्रांतीआधीच्या त्या महिन्यात बापूजी नवा झाडूसुद्धा आणू देत नसत. व्यापारी सौदा घेऊन आले तरी म्हणायचे, "सही संक्रांतीनंतर. तोवर चहा प्या." त्यामुळे सही खोटी आहे असं मी सगळीकडे सांगत सुटले आणि लोकांना ते पटलं. जीवीकाकी तर म्हणाली, "कमुरतांत सही? तुझ्या बापाने? मग सूर्यही पश्चिमेला उगवला असेल." वकीलही खूश झाले. म्हणाले, "बेन, हेच धरून ठेवा."

पण मला ते धरवत नाही. सही बापूजींचीच आहे. चष्मा मीच आणून दिला होता.

त्या दिवशी तुम्ही मला चहा करायला पाठवलंत आणि दार लोटलंत. पण स्वयंपाकघरात सगळं ऐकू येतं. बापूजी म्हणत होते, "खालचं तुला, वरचं रसीलाला. पोर जाईल कुठे?" त्यावर तुम्ही म्हणालात, "मग अग्नीसुद्धा तिच्याचकडून घ्या. मी स्मशानात पाऊल ठेवणार नाही." मग बापूजींनी हाक मारली, "रसीला, माझा चष्मा."

तुम्ही गेल्यावर ते मला म्हणाले, "रडू नको. कमुरतांत केलेलं फळत नाही. नेऊ दे त्याला कागद." आणि हसले. मीही हसले. आम्हाला दोघांनाही खरंच वाटलं की त्या महिन्यातली सही म्हणजे पाण्यावरची रेघ. कोर्टाला मुहूर्त कळत नाही, हे आम्हाला कोण सांगणार?

संक्रांत गेली. बापूजी म्हणायचे, "नवा कागद करू या हं." मी म्हणायचे, "करू हो, घाई काय आहे?" हे लिहिताना स्वतःचाच राग येतो. बापाकडे हक्क मागायचा म्हणजे त्याच्या मरणाची वाट बघायची, असं वाटायचं मला. मी लाजत बसले आणि भाद्रपदात ते गेले.

अग्नी तुम्ही दिलात. लोक म्हणाले, काय गुणी मुलगा.

आता नीट ऐका. पुढच्या महिन्यात दावा दाखल होतोय. वकिलांना मी सांगून टाकलंय की सही खोटी आहे असं मी शपथेवर बोलणार नाही. ते डोक्याला हात लावून बसले. पण साक्षीला उभी राहीन तेव्हा मी तो चष्मा सांगेन, तो बंद दरवाजा सांगेन आणि त्या दरवाजामागे तुम्ही काय म्हणालात तेही सांगेन. तुम्ही नाही म्हणा. गीतेवर हात ठेवून म्हणता येत असेल तर जरूर म्हणा.

मी हरले तर हंडा उचलून बाहेर पडेन. पण मुलगा आपल्याला अग्नी देईल की नाही, या धास्तीने एका म्हाताऱ्याने सही केली, हे लिहून घेतल्याशिवाय मी त्या पिंजऱ्यातून खाली उतरणार नाही.

किन्नरीच्या लग्नाला या. मामाच्या जागी मी दुसऱ्या कुणाला बसवणार नाही. पानेतर आणलंत तर ती नेसेल, नाही आणलंत तर ती जागा सगळ्यांसमोर रिकामी राहील.

तुमची धाकटी बहीण,
आणि तुमच्यावरच्या दाव्यातली वादी,
रसीला