आई शेवटच्या यादीत येत नाही

मंगळवार, दिवेलागण. इंदूर

पीएच.डी.च्या गाइडनी पेपर परत पाठवला. संदर्भ नीट द्या, म्हणे. विषय इंदूरच्या मराठी घरांतली बोली. त्यातले निम्मे शब्द आईचे, आणि आई गेल्या वर्षी गेली.

शाळेतले माझे तास संपल्यावर तडक लायब्ररीत गेले. तिथल्या सुधाताई संदर्भ लिहायला मदत करतात. त्यांनी पुस्तकं, लेख सगळं पटापट लावून दिलं. किती हलकं वाटलं! मग त्या थांबल्या.

"ही आई मतलब कोण? यांची किताब आहे का?"

"नाही ताई, माझीच आई. रसोईत बोलता बोलता सांगायची."

"रेकॉर्डिंग?"

"नाही केलं."

"मग व्यक्तिगत संवाद लिहा. मजकुरात कंसात नाव आणि तारीख. शेवटच्या यादीत नाही येणार त्या. यादीतल्या गोष्टीपर्यंत वाचणाऱ्याला पोचता आलं पाहिजे ना."

बरोबरच आहे त्यांचं. पण तारीख कुठली घालू? आम्ही तर रोजच बोलायचो. आणि यादीत नाही म्हणजे... नाहीच?

घरी आले, चहासुद्धा केला नाही. कंसात आईचं पूर्ण नाव लिहिलं. असं तिचं नाव मी कधी लिहिलंच नव्हतं, इस्पितळाच्या कागदांशिवाय.

मग रांगोळीच्या डबीशी अडले. आई तिला काहीतरी वेगळंच म्हणायची. काय बरं? आठवेना. विचारून यावं म्हणून उठले, तिच्या खोलीच्या दारापर्यंत गेलेसुद्धा.

ती ओळ कोरीच ठेवली आहे.