केबल जोडलेली नाही

तीर्थरूप दादा,

साष्टांग नमस्कार (गुडघ्यांमुळे कागदावरच, समोर असतो तरी कमरेपर्यंतच पोचलो असतो). वहिनींचा खांदा आता वर जातो का? तुमची साखर जेवणाआधी किती आणि जेवणानंतर किती, हे मागच्या खेपेला तुम्ही इतकं सविस्तर सांगितलंत की मला माझ्यापेक्षा तुमचेच आकडे पाठ झालेत. ते खाली आले असतील अशी आशा करतो. इकडे माझी प्रकृती उत्तम आहे. म्हणजे अंगठ्याला पट्टी आहे, कपाळावर टेंगूळ आहे आणि बुधवारपासून स्वतः केलेला चहा पितो आहे. बाकी उत्तम.

बुधवारी दुपारी तुमची बहीण एक पिशवी आणि एक प्रबंध घेऊन न कळवता तुमच्या दारात उभी राहिली. तिने तुम्हाला जे काही सांगितलं असेल ते खरं आहे, फक्त एकतर्फी आहे. दुसरी बाजू फोनवर सांगितली असती, पण तुम्हाला स्पीकर लावून बोलायची सवय आहे आणि ती नेमकी शेजारच्या खुर्चीत बसलेली असणार. शिवाय प्रकरण तांत्रिक आहे. तांत्रिक गोष्ट कागदावरच शोभते.

तुम्हाला माहीतच आहे की तुमच्या बहिणीची पीएचडीची तोंडी परीक्षा गुरुवारी सकाळी अकरा वाजता होती, आणि परीक्षक दुसऱ्या गावी असल्यामुळे ती संगणकावरून द्यायची होती. सव्वीस वर्षं ग्रंथालयात काढली तिने. वाचकांनी पुस्तकांच्या समासात पेन्सिलीने लिहिलेले शेरे खोडणं हे तिच्या कामातलं एक काम, आणि खोडण्यापूर्वी ते वहीत उतरवून घेणं हा तिचा गुन्हा. त्या वह्यांतून प्रबंध झाला. अठ्ठावन्नाव्या वर्षी. मला त्याचा अभिमान आहे, हे मी तिला अजून सांगितलेलं नाही, कारण तशी वेळ आली नाही (सहा वर्षांत). पण आपणही काहीतरी हातभार लावावा असं मनात होतं. सगळा घोटाळा त्या हातभारानेच केला.

आमचा संगणक आतल्या खोलीत, आणि इंटरनेटची ती लुकलुकणारी डबी बाहेरच्या खोलीत. दोघांच्या मध्ये वायर. संगणक जुना असल्यामुळे त्याला हवेतून आलेलं काही कळत नाही, वायरमधूनच सांगावं लागतं. ही वायर गरजेपेक्षा सहा मीटर लांब होती आणि उरलेलं वेटोळं कपाटामागे धूळ खात पडलं होतं. मी चौतीस वर्षं टेलिफोन खात्यात तारा जोडल्या. असलं वेटोळं बघून मला जेवण जात नाही. रविवारी कोपऱ्यावरच्या इलेक्ट्रिशियनकडून पक्कड आणली, वायर मापात कापली, आतल्या आठ तारा सुट्या केल्या, नवी पिन बसवली, वायर भिंतीच्या कडेने खिळे मारून अशी नेली की बघत राहावं. (अंगठ्याची पट्टी ही तेव्हाची.) तुमची बहीण दारात येऊन म्हणाली, "चालू होतं ना?" मी म्हटलं, "चालू होतं. आता व्यवस्थित चालेल." तिने पुढे काही विचारलं नाही. पस्तीस वर्षांच्या संसारात तिचं गप्प बसणं मला अजून वाचता येत नाही, इतरांचे समासातले शेरे मात्र तिला सगळे वाचता येतात.

संगणक लावला तर पडद्यावर पाटी आली: केबल जोडलेली नाही. दादा, केबल माझ्या हातात होती. तिचं एक टोक त्याच्या पाठीत होतं. माणसाने तोंडावर इतकं धडधडीत खोटं बोलू नये. मी पिन काढली, फुंकर मारली, परत बसवली. केबल जोडलेली नाही. आता तुमच्या मनात येईल की वायर कापून जोडली आणि ती बंद पडली, तर दोष जोडण्यातच असणार. सामान्य माणसाच्या मनात ते येणारच. पण मी जोडलेल्या तारा पुरात तीन दिवस पाण्याखाली राहून बोलत होत्या. म्हणून मी तो संशय सुरुवातीलाच बाद केला आणि तपास इतर दिशांना वळवला.

सोमवारी कंपनीच्या मदत केंद्राला फोन लावला. आधी यंत्राने मला चार आकडे दाबायला लावले, मग संगीत ऐकवलं, मग एक बाई आल्या. त्यांनी डबी बंद करून चालू करायला सांगितली. मी त्यांना माझी नोकरीची पार्श्वभूमी सांगितली. त्यांनी ती पूर्ण ऐकून घेतली आणि म्हणाल्या, "हो काका, पण एकदा बंद करून चालू करा." केली. मग त्या विचारू लागल्या की डबीवरचा कोणता दिवा हिरवा आहे आणि कोणता नारिंगी. मी आत संगणकाशी आणि दिवे बाहेर, तेव्हा शेजारचे निवृत्त कॅशियर मदतीला आले होते, त्यांना डबीसमोर उभं केलं. मी आतून विचारायचं, "तिसरा?" त्यांनी बाहेरून ओरडायचं, "हिरवा!" सगळे दिवे हिरवे. बाई चक्रावल्या, त्यांच्या हिशेबाने असं होऊच शकत नव्हतं. पाऊण तास हे चाललं. शेवटी तुमची बहीण बाहेर आली, डबीकडे बघून म्हणाली, "तिसरा विझलेला आहे आणि चौथा नारिंगी." कॅशियरांनी तेव्हा शांतपणे सांगितलं की त्यांना हिरवा आणि नारिंगी लहानपणापासून सारखेच दिसतात. आणि विझलेला? तर म्हणे, बाकीचे सगळे हिरवे असताना एकट्याला कशाला वाईट म्हणायचं. माणूस स्वभावाने इतका चांगला आहे की उपयोगाचा नाही. आत येताना मी घाईत कपाटाच्या उघड्या दारावर आपटलो, ते टेंगूळ.

मंगळवारी मी संगणकाच्या पोटातल्या आज्ञावलींकडे (ड्रायव्हर म्हणतात त्यांना) वळलो. एका ठिकाणी वाचलं की जुनी काढून नवी घालावी. जुनी काढली. नवी इंटरनेटवरून घ्यायची असते, हे काढल्यावर पुढच्या ओळीत लिहिलेलं होतं. त्यातच माझ्या हातून शेजारची एक आज्ञावली निघाली आणि संगणकाचा आवाज गेला. आधी इंटरनेट नव्हतं, आता आवाजही नाही. तुमची बहीण खाटेवर बसून प्रबंध चाळत होती. ती म्हणाली, "मी फोनवरूनच देते परीक्षा." मी तिला समजावलं की फोन ऐन वेळी गरम होतो, बॅटरी उतरते, हवेतल्या लहरींचा भरवसा नाही, समोर विद्वान बसलेले आणि आपलं तोंड अर्धं उघडं असताना चित्र गोठलं तर काय शोभा? वायर ती वायर. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मग कुणा जाणत्याला बोलवा." मी म्हटलं, "मग मी कोण आहे?" ती म्हणाली, "निवृत्त."

दादा, तो शब्द माझ्या सेवापुस्तकात लिहिलेला आहे, खात्याचा शिक्का आहे त्यावर. तरी इतका लागला नव्हता.

त्या शब्दामुळे बुधवारी मी संगणक उघडला. जेवणाच्या टेबलावर आडवा घातला, स्क्रू वाटीत काढले. टेबलाला ओरखडे पडू नयेत म्हणून खाली काहीतरी जाडसर, सपाट घालावं असा विचार केला, आणि हाताशी जे जाडसर, सपाट होतं ते घातलं. इथे मी स्वतःची बाजू मांडत नाही. चारशे बारा पानं, कापडी बांधणी. त्यात तिच्या खुणेच्या चिठ्ठ्या लावलेल्या होत्या, कुठला प्रश्न आला तर कुठलं पान उघडायचं त्याच्या. त्यातल्या निम्म्या मी सरकवल्या. पंख्यातली धूळ वर पडली ती वेगळीच. ती स्वयंपाकघरातून आली, बघितलं, दोन्ही हातांनी संगणकाची एक बाजू उचलली आणि मला म्हणाली, "ओढा." मी प्रबंध ओढून काढला. तिने तो पदराने पुसला. ओरडली असती तर बरं झालं असतं. दहा मिनिटांत पिशवी भरून ती दारात उभी. म्हणाली, "दादाकडे जाते, आठ दिवस. तिथे नुसतं बटण दाबलं की लागतं." मी म्हटलं बसस्टँडपर्यंत येतो. तर म्हणाली, "नको. तुमचं काम चालू आहे."

गुरुवारी सकाळपर्यंत मी संगणक परत जोडला (दोन स्क्रू उरले, पण त्यांच्यावाचून त्याचं काही अडत नाही). पावणेअकराला बेल वाजली. दारात चाळिशीच्या एक बाई, खांद्याला हत्यारांची पिशवी. कंपनीच्या तंत्रज्ञ. तुमच्या बहिणीने सोमवारीच, मी दिवे मोजत होतो तेव्हा, त्यांच्याकडे तक्रार नोंदवून ठेवली होती आणि आज नंबर लागला होता. बाईंनी एक छोटं यंत्र वायरीला लावलं. त्यावर आठ दिवे ओळीने लागायला हवेत. ते तीनचा पाच, पाचचा तीन असे भलतीकडेच उड्या मारू लागले. त्यांनी माझी पिन डोळ्यांजवळ धरली आणि विचारलं, "काका, हे कुणी केलं?"

"आला होता कोणीतरी," मी म्हणालो. दादा, माझ्या हाताला पट्टी, भिंतीवर माझे खिळे, टेबलावर माझी पक्कड. तरी मी असं म्हणालो.

त्या म्हणाल्या, "काम फार सुबक आहे. फक्त क्रम टेलिफोनचा आहे. निळी, नारिंगी, हिरवी, तपकिरी. इंटरनेटला असा चालत नाही. माझे वडील लाइनमन होते, ते पण असंच जोडायचे. त्यांना कितीदा सांगितलं." मी विचारलं, मग ते काय म्हणायचे? "म्हणायचे, आला होता कोणीतरी." एवढं बोलून त्यांनी पिन कापली, आठ तारा नव्या क्रमाने लावल्या, मी काढलेली इंटरनेटची आज्ञावली स्वतःकडच्या पेन ड्राइव्हवरून परत घातली, चार मिनिटांत पडद्यावरची पाटी गेली. मी चहा केला. त्यांनी तो घोटभर प्यायला आणि पुढचं काम आहे म्हणाल्या.

त्या गेल्या तेव्हा अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती. संगणकावर तुमच्या बहिणीची टपालपेटी आपोआप उघडली आणि वर तिच्या परीक्षेचं निमंत्रण होतं. खाली निळं बटण: सामील व्हा. तिकडे परीक्षा चालू होती. एक बटण दाबलं की मी आत. मी हात पुढे नेला आणि मागे घेतला. मधूनच माझं टेंगूळ विद्वानांसमोर उगवलं असतं तर? आणि शिरलो असतो तरी ऐकू काय येणार होतं? आवाज तर मंगळवारी मीच काढला होता. साडेबारापर्यंत त्या बटणासमोर बसून राहिलो. एकला तिचा फोन आला. "झालं," म्हणाली, आणि ठेवला. मग तुमचा संदेश आला, "पास," आणि पुढे फुलाचं चित्र. तेवढ्यावर आज शनिवार उजाडला आहे.

तर एकूण प्रकार असा आहे. यात माझी चूक एका पिनेपुरती आणि एका प्रबंधापुरती आहे, बाकी हेतू स्वच्छ होता, एवढं योग्य वेळ बघून तिच्या कानावर घालावं. ती आठ दिवस राहणार म्हणते, राहू दे, विश्रांतीची गरज आहेच. माझी काळजी नसावी. वहिनींना नमस्कार.

आपला मेहुणा

ता. क. : आठ दिवस म्हणजे बुधवारपासून धरायचे की गुरुवारपासून, हे सहज बोलता बोलता विचारून कळवावं. मी विचारायला सांगितलं असं म्हणू नये.

ता. क. २ : वायरीचं कारण मी तिला दिलं ते खरं नव्हतं. फोनवर परीक्षा उत्तम झाली असती, हे मलाही कळतं. पण फोन घेऊन ती गच्चीवर गेली असती. संगणक आतल्या खोलीत आहे, आणि आतल्या खोलीच्या दाराबाहेर एक स्टूल बरोबर मावतं. मी मागच्या शनिवारीच ठेवून बघितलं होतं.

ता. क. ३ : तुमच्या घरात भिंती पातळ आहेत आणि तुम्ही गुरुवारी घरीच होतात. तेव्हा हे पत्र खरं ज्यासाठी लिहिलं ते आता लिहितो. त्यांनी तिला काय काय विचारलं, आणि ती काय बोलली, ते आठवेल तसं सगळं लिहून पाठवा. आकडे, पानं, काही गाळू नका. मला विषय कळला नाही तरी चालेल.