तू वाटून दिलेल्या गोळ्या

माय, महिन्यापूर्वी डॉक्टरांनी माझं दम्याचं औषध कमी करायला सांगितलं आणि तेव्हापासून तू सारखी आठवतेस. हो, मलाही दमा आहे. तू गेल्यानंतर काही वर्षांनी सुरू झाला. पण आता गोळ्यांऐवजी तोंडाने ओढायचा पंप असतो. सकाळी दोनदा, संध्याकाळी दोनदा ओढायचा आणि मग चूळ भरायची. वर्षभर छाती वाजली नाही, तेव्हा डॉक्टर म्हणाले, आता एकेकदाच घ्या, तीन महिन्यांनी बघू. मी मान हलवली. दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना मात्र डोळ्यांपुढे आपला तीर्थपुरीचा स्वयंपाकाचा कोपरा आला आणि भिंतीला टेकून बसलेली तू.

मी तेव्हा दहा-अकरा वर्षांची असेन. माझे वडील, दादा, तिथल्या शाळेत मास्तर होते. कापूस वेचायच्या दिवसांत तुझा दम वाढायचा. मी बाहेर अभ्यासाला बसायचे, पण लक्ष सगळं तुझ्या भाकरीच्या थापेकडे. थाप मध्येच थांबली की माझं बोट ओळीवर थबकायचं. पुन्हा सुरू झाली की मी पुढची ओळ वाचायचे. मग दादा तुला जालन्याला घेऊन गेले आणि डॉक्टरांनी ती बारीक पांढरी गोळी दिली. रोज सकाळी एक, जेवल्यावर, बरं वाटलं तरी घ्यायची. तू पावडरच्या रिकाम्या डब्यात गोळ्या ठेवल्यास. पंधरा-वीस दिवसांत तू धुण्याचं गाठोडं डोक्यावर घेऊन ओढ्यावर जायला लागलीस. येताना गाणं म्हणत होतीस. मी मागून चालताना तुझा श्वास ऐकत होते, आणि तो ऐकूच येत नव्हता.

मग ती यायला लागली, वरच्या आळीतल्या मोठ्या घरची सून. त्यांच्या शेतात तू कापूस वेचायचीस. मजुरी द्यायची तर ती वरून तुझ्या ओंजळीत टाकायची, हाताला हात लागू नये म्हणून. त्या दिवशी मात्र ती आपल्या दारात उभी होती.

"मास्तरीणबाई हायेत का घरात? आमच्या आत्याबाईला लई दम लागून राह्यला. तुमची ती गोळी द्या ना एखादी."

"आत या की वहिनी. च्या टाकते."

"नको, जल्दी हाय मला."

तिनं हात पुढे केला. तू गोळी वरून टाकली नाहीस, तिच्या तळहातावर ठेवलीस. तिनं हात मागे घेतला नाही. ती गेल्यावर तू कितीतरी वेळ हसत होतीस. "बघितलं का? आपल्या हातचं पानी चालत न्हाई, गोळी चालती. गोळीला ईटाळ नसतोय वाटतं!" टोमणा होता, पण दिवसभर तुझा चेहरा उजळलेला होता. तोवर त्या घरातलं कुणी तुला 'बाई' म्हटलं नव्हतं.

सासूसाठी ती एक दिवसाआड यायला लागली. दादांना कळलं तेव्हा ते चिडले. "औषध काय विरजण आहे, शेजारी द्यायला?"

"मला आता बराबर हाय. बिलकुल दम न्हाई. तिकडं म्हातारी तडफडून राह्यली."

त्यानंतर तू लपवून द्यायला लागलीस. आधी तुझ्या वाट्याची एक दिवसाआडची गोळी, मग रोजची. दादा परीक्षेच्या कामासाठी अंबडला गेले आणि डबा रिकामा झाला. तू म्हणालीस, काही होत नाही, मी तर बरी आहे.

एका सकाळी थाप थांबली. मी ओळीवर बोट ठेवून वाट बघितली. ती सुरूच झाली नाही. आत आले तर तू भिंतीला टेकलेली, हात पिठाने भरलेले, घामाने चिंब. उलटी झाली होती. उठायला गेलीस तर पाय धरेनात. शेजारच्या काकूंनी आणि मी तुला धरून एस.टी.त बसवलं. मी तुझ्या गळ्याखालच्या खळीकडे बघत बसले. श्वास घेताना ती खोल आत ओढली जायची. दर थांब्यावर वाटायचं, गाडी थांबली तशी आता हीही थांबेल.

जालन्याला सलाईन लावलं, इंजेक्शन दिलं. डॉक्टरांनी विचारलं, "गोळ्या कुठं गेल्या?" तू भिंतीकडे तोंड वळवलंस. मीच म्हणाले, "वाटल्या." ते ओरडतील असं वाटलं, पण ते स्टूल ओढून तुझ्याजवळ बसले. "बाई, शरीराला या गोळीची सवय होते. अचानक सोडली की जिवावर बेततं. कमी करायची झाली तर मी सांगीन, तीही हळूहळू. आणि ज्यांना दिल्या, त्यांना घेऊन या इकडं. त्यांनाही धोका आहे."

घरी आल्यावर चार दिवसांनी ती पुन्हा दारात.

"न्हाई वहिनी. गोळी देणार न्हाई. म्हातारीला डाक्टरकडं न्या, जल्दी. रस्ता दाखवायला मी येते संगं."

"एवढ्याशा गोळीचा एवढा भाव?"

"भाव न्हाई. मी मरता मरता वाचले."

ती तशीच वळली. दुसऱ्या दिवशी त्यांची बैलगाडी म्हातारीला घेऊन स्टँडकडे गेली. आपल्या दारावरून गेली, पण तुला कुणी हाक मारली नाही. म्हातारी पुढे बरी झाली असं ऐकलं. ती सून मात्र पुन्हा आली नाही. मजुरी पुन्हा वरून पडायला लागली. पुढे कित्येक महिने तू सकाळी गोळी गिळून झाली की उगाच दारापर्यंत जायचीस.

तू त्यानंतर बरीच वर्षं जगलीस. गेलीस ती तापाने, दम्याने नाही. डॉक्टरांनी तुझी गोळीही पुढे थोडी थोडी कमी केली होती, तुला काही झालं नव्हतं. हे सगळं मला माहीत आहे. तरी पंप हातात घेतला की मी दहा वर्षांची होते आणि थाप थांबलेली असते.

तुला वाचता येत नव्हतं. आलेली पत्रं मीच तुला वाचून दाखवायचे, मधे मधे तुझे प्रश्न ऐकत. हे पत्र घडी घालून कपाटात ठेवून देईन. काल डॉक्टरांनी फोनवर विचारलं, "कमी केलं ना औषध? काही त्रास?" मी म्हणाले, "केलं. काही त्रास नाही." माय, मी कमी केलेलं नाही. अजून दोन्ही वेळेला दोन-दोनदा ओढते. उद्या जाऊन त्यांना खरं सांगणार आहे. तिथं सांगायला जमेल की नाही ठाऊक नाही, म्हणून आधी तुला सांगून बघितलं.