उंबरठ्याखालच्या पायऱ्या

मी, खाली सही करणारी, या घराची आणि मागच्या काळ्या जमिनीची मालकीण, कुणाच्याही दबावाशिवाय हे लिहून ठेवते. माझं डोकं ठिकाणावर आहे, असा दाखला डॉक्टरांनी दिलाय. छातीबद्दल त्यांनी काही लिहिलेलं नाही.

१. घर थोरल्या मुलाला. दारापुढच्या पायऱ्याही त्यालाच. ही जमीन मुळात पाणथळ, कुजलेल्या मुळापानांची. वीजकारखान्याला जाळायला उंच गवत हवं, म्हणून माझ्या नवऱ्याने चर खणून पंपाने तिचं पाणी काढलं. हवा लागली तशी माती कुजून वायू होऊन जाऊ लागली आणि शेत, अंगण सगळं खचलं. घराचा पाया खडकात, ते तिथेच राहिलं. म्हणून गवंडी दर थोड्या वर्षांनी खाली आणखी एक पायरी बांधायचा.

मातीवर पेटी पालथी घालून वायू मोजणारी बाई यायची. ती म्हणाली, "आजी, कोळशाऐवजी गवत जाळून जेवढा वायू वाचतो, त्याहून जास्त ही माती सोडतेय." थोरला हसला. "माती काय उडून जाते होय?" पायरीवरच बसला होता, ठोंब्या.

२. पंप कुणालाच नाही. तो मोडून टाकावा. त्याने सुकवलेली जमीन एका उन्हाळ्यात खालून पेटली. वर गवत हिरवंगार आणि पोटात आग. धाकटा ती विझवायला चर खणत होता, तेव्हा पायाखालची जमीन आत बसली. माझं लेकरू त्या निखाऱ्यात गेलं. त्याच धुराने माझी छाती धरली, ती सुटलीच नाही. त्याचं फावडं थोरल्याने पंपाच्या खोलीत टाकून दिलंय. ते धुऊन धाकट्या सुनेला द्यावं.

३. शेवटचा ओला तुकडा धाकट्या सुनेचा. थोरल्याने तिथेही गवताचा करार ठरवलाय, फक्त माझे डोळे मिटायची वाट बघतोय. तर ऐक बाबा, त्या तुकड्यावर तुझा काडीचाही हक्क नाही. सूनबाई, चराच्या तोंडाशी फळी ठोक आणि पाणी तुंबू दे. भावजी गोड बोलतील. त्यांना चहा दे, सही देऊ नकोस.

४. मला पुढच्या दारानेच न्यावं आणि थोरल्याने पुढून खांदा द्यावा. उतरताना जपा रे, पायऱ्या फार झाल्यात. नवी नवरी म्हणून आले, तेव्हा मी अंगणातून सरळ घरात पाऊल टाकलं होतं.

सही: घरमालकीण
साक्षीदार: गवंडी, पायऱ्या बांधणारा; डॉक्टर, दाखला देणारे
स्थळ: घरातली पुढची खोली
तारीख: २२ ऑक्टोबर २०२४