मोठी डिस्क बदलून घेतली

मंगळवार, सकाळ

चि. बाळ्यास,

आशीर्वाद. सूनबाईला आणि चिमणीलाही. मी बरी आहे. पत्र लिहितेय कारण फोनवर तू मला बोलू देत नाहीस.

तू पाठवलेली मोठी हार्ड डिस्क मी लॅपटॉपला बसवली नाही. ओरडू नकोस, पुढे वाच. दुरुस्तीवाल्याला दिली आणि बदल्यात छोटी घेतली. तुझ्या डिस्कच्या आठव्या हिस्स्याइतकंच मावतं हिच्यात. पण तो म्हणाला, "आजी, मोठीत तबकडी फिरते, एकेक गोष्ट शोधत बसते. हिच्यात फिरायला काही नाहीच. बटण दाबा, सुरू."

म्हटलं, हीच बसव.

"पण सगळे फोटो मावायचे नाहीत."

"मी विचारलं का तुला?"

लॅपटॉप उघडला बिचाऱ्यानं. काम मात्र चोख केलं.

तुझं आपलं एकच, सगळे फोटो एका जागी पाहिजेत. आहेत की! लॅपटॉपमधून काढलेली जुनी डिस्क शिवणाच्या डब्यात ठेवलीय, बटणांशेजारी. आलास की बघत बस. मी जन्मभर लोकांचे कपडे शिवले. कपाट केवढं आहे ते एकाही गिऱ्हाइकानं विचारलं नाही. कपडे कधी देता, एवढंच.

गेल्या रविवारच्या व्हिडिओ कॉलचं आठव. मी बटण दाबलं, ते गोल गोल फिरत बसलं. चहा केला, प्यायला, कप विसळला, तरी आपलं फिरतंय. सुरू झालं तेव्हा तू जांभई देत म्हणालास, "आई, चिमणी झोपली गं." त्याच्या आधीच्या रविवारीही तेच. पुढचा दात पडलाय म्हणे तिचा. तू फोटो पाठवलास, पण मला तो फोटोत नकोय. तिनं हसून दाखवायला हवा. आणि मोबाइलवर बघ म्हणू नकोस, त्या एवढ्याशा काचेत मला कपाळ दिसतं नाहीतर कान.

तू म्हणालास, "एवढी कसली घाई आहे तुला?" मी नळाच्या पाण्याचा विषय काढला.

शिवणाचं मशीन शेजारणीला देऊन टाकलं. नुसतंच पडून होतं. कात्री हाताशेजारी असायची आणि मी घरभर शोधायची, वैताग नुसता. परवा दाराजवळच्या स्टुलाला धडकले, गुडघा सुजला. स्टूल कुणी हलवलं नव्हतं.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई चांगल्या आहेत, उगाच गोड बोलत नाहीत. थेंब दिलेत, घालते. म्हणाल्या, गेलं ते परत येत नाही, आहे ते सांभाळू. किती दिवस सांभाळाल विचारलं, तर म्हणाल्या सांगता येत नाही. लगेच तिकीट काढून धावत येऊ नकोस. रडारड मला चालत नाही.

रविवारी मी वेळेवर असेन. चिमणीला जागी ठेव. आणि तिला खुर्चीवर नीट मधोमध बसव. तू नेहमी स्वतः समोर बसतोस आणि तिला कडेला उभी करतोस.

कडेचं मला आता दिसत नाही.

घाईतच,
आई